कोण? कौन? एवरु?

शरयूताईंच्या दाराची बेल वाजवली की आतून आधी साखळीचा आवाज यायचा. साखळी लावलेलीच असायची, पण ती नीट बसली आहे ना, हे त्या पुन्हा हाताने चाचपून बघायच्या. मग दाराला कान लावून विचारायच्या, "कोण?" आपण तोंड उघडेपर्यंत "कौन?" आणि लगोलग "एवरु?" मराठी, उर्दू, तेलुगू. चिक्कडपल्लीत दारात जो कुणी उभा असेल त्याला यातलं एक तरी कळणारच. मी जवळजवळ रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की त्यांच्याकडे चहाला जायचे, तरी तिन्ही प्रश्न व्हायचेच. एकदा वैतागून म्हटलं, "ताई, मीच. सुनीता. या वेळेला दुसरं कोण येणार?"

आतून उत्तर आलं, "तेच तर विचारतेय."

शरयू उदगीरकर. आबिड्सच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. यजमान सिकंदराबादला रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात. आमची बिल्डिंग चार मजल्यांची, बिनलिफ्टची. त्या दुसऱ्या मजल्यावर, आणि मी, माझे यजमान आणि मुलगी मुक्ता पहिल्यावर. बिल्डिंगमध्ये मराठी घरं आमची दोनच, त्यामुळे पुरणपोळीपासून क्रोसिनच्या गोळीपर्यंत सगळं वरखाली चालायचं.

इतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुत्र्यांना घाबरायच्या, झुरळांना घाबरायच्या, गॅसच्या शेगडीला घाबरायच्या. लाउडस्पीकर लावलेली कुठलीही मिरवणूक गल्लीत शिरली, मग ती कुणाच्याही देवाची असो, की खिडक्या लावून आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. चौरस्ता ओलांडायचा तर शेजारी जो उभा असेल त्याचा हात धरायच्या. एकदा त्यांनी ट्रॅफिक पोलिसाचाच हात धरला आणि त्याला त्याच्या जागेवरून ओढत पलीकडे घेऊन गेल्या. तो बिचारा "अम्मा, अम्मा" करत गेला.

मी हसायचे. मग एकदा त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईचं लहानपण उदगीरचं. रझाकारांचे दिवस आईने स्वयंपाकघरात कडी लावून काढले होते. पुढे पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा कड्या लावायची पाळी शेजारच्या घरावर आली. "आधी हे घाबरले, मग ते घाबरले," ताई म्हणाल्या. "दार वाजलं की आई तीन भाषांत विचारायची. तिथे तिसरी कानडी होती. मी इथे आल्यावर तेलुगू केली, एवढाच काय तो बदल." आईची भीती त्यांना वारशात आली होती, आणि दागिने जपावेत तशी त्यांनी ती जपली होती.

अशा बाईंना कुणी तरी फेलोशिप चालवायला बोलावलं.

शहरातल्या एका संस्थेचा तो उपक्रम. पंधरा ते सतरा वर्षांची मुलं, दर रविवारी सकाळी, वर्षभर. रंगावरून, वंशावरून, धर्मावरून होणारा द्वेष ओळखायचा कसा आणि समोर आला तर करायचं काय, हे शिकवायचं. अभ्यासक्रम परदेशातून आलेला, त्यात ज्यूंच्या द्वेषाचा मोठा भाग. संस्थेतर्फे विचारायला आलेली मुलगी ताईंची जुनी विद्यार्थिनी. ताईंनी तिला आधी साफ नाही म्हटलं. "अगं, मी झुरळाला घाबरते. मी मुलांना काय धीर देणार?" पण संस्थेला हॉल मिळत नव्हता आणि ताईंचा हॉल मोठा होता. म्हणून वर्ग त्यांच्याच घरी भरायला लागला. आईबापांनी मुलं पाठवली ती सर्टिफिकेटसाठी. अमेरिकेच्या कॉलेजात अर्ज करताना बरं दिसतं म्हणे. मीही मुक्ताला त्याच हिशेबाने पाठवलं.

पहिल्याच महिन्यातल्या एका रविवारी मला वाटलं, बिल्डिंगला आग लागली. दहा-बारा पोरं तळमजल्यापासून गच्चीपर्यंत धावत चाललेली. परत खाली, परत वर. तिसऱ्या मजल्यावरच्या लक्ष्मीगारू दारात येऊन ओरडत होत्या. मी वर गेले तर ताई आपल्या दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या. मुक्ता लाल होऊन समोर आली, ग्लासाला हात घातला.

"पाणी नंतर. आधी वाक्य."

मुक्ता धापा टाकत म्हणाली, "भाई, क्या हुआ?"

"आवाज चढला. परत खाली."

मी म्हटलं, "ताई, हे काय चाललंय? पोरं मरतील."

"सुनीता, भीती म्हणजे काय गं? दम लागणं. छाती धडधडते, घसा सुकतो, आवाज एक तर चढतो नाही तर जातो. माझा जन्म गेलाय त्यात. संस्थेच्या पुस्तकात लिहिलंय, शांतपणे बोला. अरे बाबा, शांत असतो तर बोललोच असतो ना! दम लागलेला असताना बोलता आलं पाहिजे. धीट माणसाला हे शिकवता येत नाही, त्याला ठाऊकच नसतं."

त्यांचे नियम दोन. कुणावर घोळका चालून आला तर घोळक्याशी वाद घालायचा नाही. ज्याच्यावर आलंय त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं आणि त्याच्याशी बोलायचं. काहीही बोला, पण त्याला एकटं दिसू द्यायचं नाही. आणि दुसरा, जोडीशिवाय जायचं नाही. कितीही पेटून उठलात तरी एकट्याने पुढे व्हायचं नाही. हा दुसरा नियम त्या सांगत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती असे. परक्यांची पोरं आहेत, सुनीता, असं मला कितीदा म्हणाल्या असतील. त्यातली एक पोर माझी होती, त्यामुळे ती भीती मलाही होती.

पहिला नियम त्यांनी स्वतः एकदा पाळलेला मी पाहिला. भाजी बाजारात ब्यूटी पार्लरमध्ये काम करणारी एक मणिपूरची मुलगी टोमॅटो निवडत होती. दोन पोरगे तिच्या मागे उभे राहून "चिंकी, चिंकी" करत होते, हळूहळू जवळ येत होते. मी जागीच उभी. ताईंनी माझं मनगट पकडलं, ही झाली जोडी, आणि मला ओढत त्या मुलीच्या शेजारी नेलं. आता बोलायचं. पण घाबरल्यामुळे त्यांना मराठीशिवाय दुसरी भाषाच आठवेना. "भरली वांगी करतेस का गं? कूट भाजून घाल हां. गूळ चिमूटभर," असं त्या थरथरत्या आवाजात सांगत सुटल्या. त्या मुलीला ओ की ठो कळलं नाही, पण ती मान हलवत राहिली, आणि शेवटी तिने वांगी घेतली. पोरगे कंटाळून गेले. घरी येईपर्यंत ताई माझं मनगट सोडायला तयार नव्हत्या.

वर्गातली गंमत वेगळीच. सात्विक नावाचा मुलगा एकदा म्हणाला, "टीचर, हिटलर में डिसिप्लिन तो था ना? मेरे डॅडी को भी सब प्यार से हिटलर बोलते." ताईंनी त्याला इतिहास सांगितला नाही. विचारलं, "डॅडी घर में आते तो क्या होता बेटा?" तो म्हणाला, टीव्ही बंद होतो, मम्मी किचनमध्ये जाते, बहीण पुस्तक उघडते. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. ताई एवढंच म्हणाल्या, "प्यार से नहीं बोलते होंगे रे." मग त्यांनी पडदे ओढून छळछावण्यांचे फोटो दाखवले आणि स्वतः मात्र भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांना ते बघवत नसत.

आणि इब्राहिम. आमच्या गच्चीवर एक खोली होती, बिल्डिंगमध्ये तिला ऐटीत पेंटहौस म्हणत. तिथे तो भाड्याने राहायचा. सुदानचा, फार्मसी शिकायला आलेला, उंच, काळा, अबोल. तो फार गुणी होता असं मी म्हणणार नाही. गच्चीतली सगळी दोरी त्याच्या शर्टांनी भरलेली असायची आणि त्यावरून माझे त्याच्याशी खटके उडायचे. ताईंनी त्याला एका रविवारी वर्गात बोलावलं. त्याने सांगितलं, बसमध्ये त्याच्या शेजारची सीट रिकामी राहते, लोक उभे राहतात पण बसत नाहीत. मग कुणी तरी छळछावण्यांच्या फोटोंबद्दल त्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "यहूदी? सब गड़बड़ उनकाच किया हुआ है."

मुक्ता सांगते, ताई हबकल्या. ज्याची बाजू मुलांनी घ्यावी म्हणून बोलावलं, त्याच्याच तोंडून हे. मग म्हणाल्या, "बेटा, तुम कभी किसी यहूदी से मिले?"

"नहीं."

"बस में जो लोगां तुम्हारे बाजू नहीं बैठते, वो तुमसे मिले हुए?"

पुढच्या रविवारी तो न बोलावता आला, मागच्या रांगेत बसला. त्यानंतर येतच राहिला.

मला खरं तर तेव्हापासूनच धाकधूक वाटू लागली होती. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्याबद्दल काहीबाही येत होतं. हे लोक ड्रग्ज विकतात. मुलं पळवणारी टोळी शहरात फिरते आहे, सावध राहा. कुठल्या तरी भलत्याच गावाचे व्हिडिओ. ताईंना मी ते दाखवले तर त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि साखळी लागली आहे ना ते बघून आल्या.

तो दिवसही रविवारच होता. वर्ग संपून मुलं गेली होती, मुक्ता ताईंना आंबाडी निवडू लागायला थांबली होती. तिसऱ्या मजल्यावरचा विहान, लक्ष्मीगारूंचा नातू, सकाळपासून दिसत नव्हता. आठ वर्षांचं पोर. सगळी बिल्डिंग त्याला शोधत होती, मीही गल्लीत फिरून आले होते. तेवढ्यात ग्रुपवर कुणी तरी लिहिलं, त्या काळ्याबरोबर पाहिला. कोणी पाहिला, कधी पाहिला, कुणी विचारलं नाही. मी गेटपाशी पोचले तेव्हा तिथे गल्लीतली माणसं जमली होती आणि त्यांत कधीही न पाहिलेलीही बरीच होती. एकाच्या हातात हेल्मेट होतं, ते त्याने पट्ट्याने धरलं होतं. "ऊपर है वो," असं कुणी तरी म्हणालं, आणि सगळे जिन्याकडे निघाले.

पुढचं मला मुक्ताने नंतर सांगितलं. मेसेज तिने ताईंच्या घरात वाचला आणि चप्पल न घालता उठली.

ताई म्हणाल्या, "जोडीशिवाय नाही."

"मग तुम्ही या ना टीचर. जोडी होईल."

मुक्ता म्हणते, ताईंचा चेहरा तिने तसा कधी पाहिला नव्हता. पांढरा पडला होता. पण नियम त्यांचाच. त्या उठल्या. मांडीवरचं आंबाडीचं ताट खाली ठेवायचं त्यांना सुचलंच नाही, ते तसंच घेऊन जिना चढल्या.

मी माणसांच्या मागून वर जात होते. "मुक्ता" म्हणून हाक मारली, पण ती कुणाला ऐकू जाणार? धावत चढल्याने सगळ्यांनाच धाप लागली होती. चौथ्या मजल्याच्या वर गच्चीला जाणारा जिना अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. तिथे सगळे अडले. पुढच्यांच्या खांद्यांवरून मी पाहिलं. जिन्याच्या मधल्या पायरीवर शरयूताई बसल्या होत्या. मांडीवर ताट, ताटात आंबाडी, आणि पानं हलत होती, कारण गुडघे थरथरत होते. त्यांच्या मागून, गच्चीवरून, मुक्ताचा आवाज येत होता. "इब्राहिम भाई, कॉलर का दाग कैसे निकालते तुम? हमारे घर में तो निकलताच नहीं." आवाज चढलेला नव्हता.

"अम्मा, बाजू हटो."

ताईंनी वर पाहिलं. "कोण?"

"अरे हटो अम्मा, बच्चा गुम है!"

"कौन?" आणि मग, दाराआडून विचारत तशाच, "एवरु?"

पुढचा तरुण सवयीने तेलुगूत म्हणाला, "नेनु. श्रीनु."

"ए श्रीनु?" म्हणजे कुठला श्रीनु.

"मोबाइल रिपेअर... नीचे, दुकान."

"और पीछे कौन?"

मागच्याला नाव सांगावं लागलं. त्याच्या मागच्यालाही. धापा टाकत, एकेक जण. ताई हे काही ठरवून करत होत्या असं मला वाटत नाही. घाबरल्या की त्या हेच विचारायच्या, एवढंच. पण नाव सांगितलेला माणूस जरा हळू बोलायला लागतो, हे मी तिथे पाहिलं.

हेल्मेटवाल्याने नाव सांगितलं नाही. तो श्रीनुला बाजूला सारून पुढे आला. "वो तुम्हारा कौन लगता अम्मा? इत्ता मरे जारे उसके वास्ते?"

ताईंनी तोंड उघडलं. गच्चीवर मुक्ताही बोलायची थांबली. सगळा जिना ऐकत होता. ताईंचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. पुन्हा हलले. काही नाही.

त्याने त्यांच्या पायरीवर पाय ठेवला. ताईंनी दोन्ही हातांनी कठडा पकडला, आणि ताट सुटलं. ते खणखणत आमच्या पायांपर्यंत आलं, आंबाडी सगळ्या पायऱ्यांवर पसरली. आता तो त्यांना ओलांडून जाणार, वर माझी मुलगी आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि खालून लक्ष्मीगारूंचा आवाज आला, रडत, ओरडत. "दोरिकाडु! मिल गया! विहान मिल गया!"

पोरगा मागच्या गल्लीत मित्राच्या घरी कॅरम खेळत बसला होता.

माणसं वळली. आंबाडी तुडवत खाली गेली. हेल्मेटवाला शेवटी गेला, शिट्टी वाजवत. श्रीनुने ताट उचलून ताईंच्या शेजारी ठेवलं आणि तोही गेला. मी वर धावले आणि मुक्ताला असं धरलं की ती म्हणाली, "आई, दुखतंय."

त्यानंतर सगळं भरभर झालं. आईबापांनी मुलं काढून घेतली. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये ठरलं, घरात असले क्लास नकोत. महिन्याच्या आत इब्राहिम खोली सोडून गेला, कुणालाही न भेटता. दोरीवर एक शर्ट राहिला होता, तो ताईंनी धुऊन घडी करून ठेवला.

मी रोज त्यांना सांगायचे, ताई, तुम्ही होतात म्हणून निभावलं. त्या ऐकायच्या नाहीत. "पोर सापडलं म्हणून थांबले गं. माझा आवाज गेला." आणि पुन्हा पुन्हा तेच, "त्याने विचारलं होतं, तुमचा कोण लागतो. मला उत्तर माहीत होतं, सुनीता. वर त्या पोराला प्रश्न ऐकू गेला असणार. आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही, तेही ऐकू गेलं असणार." ते खरं होतं.

मुलगा पुण्याहून त्यांना न्यायला आला. जायच्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघत होते. जिन्यात पावलं वाजली, सावकाश, ओढत. वाटलं, सामान उतरवतायत. पण पावलं खाली जाऊन पुन्हा वर येत होती. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. शरयूताई. तळमजल्यापासून चढून आल्या होत्या, एक हात कठड्यावर, छाती वरखाली होत होती. भिंतीकडे बघून त्या म्हणाल्या,

"हमारे घर का बच्चा है."

आवाज फाटला. त्यांनी मान हलवली, पुन्हा उतरल्या. पुन्हा चढल्या. या वेळी तेच तेलुगूत, "मा पिल्लवाडे." तोही फाटला. तिसऱ्यांदा उतरल्या. तिसऱ्यांदा वर यायला त्यांना फार वेळ लागला. भिंतीशी उभ्या राहून म्हणाल्या, "आमचाच आहे तो." या वेळी आवाज हळू होता आणि नीट होता, आणि जिन्यात ऐकणारं कुणी नव्हतं.

मी दार उघडलं. त्या दचकल्या. "कोण?"

"मी, ताई. सुनीता."

त्या तिथेच पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले, पर्स मांडीवर घेऊन. खूप काही सांगायचं होतं. खालून मुलगा हाका मारत होता, रिक्षा आली होती.

मी म्हटलं, "ताई, आज भाजी काय केलीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं मनगट धरलं.

"आंबाडी," त्या म्हणाल्या. दम अजून लागलेलाच होता, पण आवाज चढला नाही. "मीठ जरा जास्त झालंय गं."